दोरी ओढायचे दोन सेकंद : तीरकमठ्याने रानटर्कीची शिकार

गेल्या दिवाळीत माझ्या बहिणीचा मुलगा अमेरिकेतून आला होता. फराळाच्या ताटावरून उठता उठता म्हणाला, "मावशी, येत्या एप्रिलला मी टर्कीचा परवाना काढणार आहे. बंदूक नको, तुझ्यासारखं साध्या धनुष्यानेच. काय काय लागतं ते सांग." मी म्हटलं, "आधी कपाटासमोर स्टूल टाक आणि बस." मी धनुष्य काढून त्याच्या हातात देईन असं त्याला वाटलं होतं. मी त्याला नुसता डावा हात पुढे करायला लावला, उजवा हात गालापर्यंत मागे न्यायला लावला, आणि म्हटलं, आरशात बघ काय काय हललं ते.

कपाट म्हणजे आमच्या कर्वेनगरच्या घरातलं, आईचं जुनं गोदरेजचं, उभ्या आरशाचं. त्यात त्याला त्याचं कोपर खांद्याच्या वर उचललेलं दिसलं, मान पुढे गेलेली दिसली, गुडघा उघडलेला दिसला. दोन सेकंदांच्या त्या हालचालीवरच ही सगळी शिकार उभी आहे. बाकीचं जे मी पुढे सांगणार आहे, म्हणजे लपण, नकली पक्षी, आवाज काढणं, पहाटे चारला उठणं, ते सगळं या दोन सेकंदांसाठी आहे.

आमचं कुटुंब २००८ ते २०१७ अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या नैर्ऋत्य भागात, वर्नन काउंटीत होतं. ओक आणि हिकरीचं जंगल, अरुंद दऱ्या, वर सपाट माथ्यावर मक्याची शेतं. तो सगळा मुलूख हिमयुगात बर्फाच्या थराखाली गेला नाही, म्हणून तिथे अजून डोंगरसोंडा आहेत. आमच्या शेजारचे शेतकरी आजोबा वयाच्या पंचाहत्तरीतही लांब लाकडी धनुष्य वापरायचे. मी त्यांच्याकडे शिकले. त्यांनी मला पहिलं वर्षभर बाण सोडू दिला नाही, नुसतं सोबत बसवलं.

सुरुवातीलाच एक स्पष्ट सांगते, कारण पुण्यात कुणी हे वाचून उत्साहाने मुळशीच्या रानात निघायला नको. आपल्याकडे रानटर्की नाहीच, आणि जे आहेत ते तितर, रानकोंबडे, मोर यांच्यावर तीर चालवणं गुन्हा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२चा आहे आणि त्यात शिकारीवर बंदी आहे. हा कायदा मला मनापासून पटतो. तिकडे शिकार चालते, कारण तिथला हिशेब वेगळा आहे. विस्कॉन्सिनमधल्या रानटर्की एकोणिसाव्या शतकाअखेर जंगलतोडीने आणि बेसुमार शिकारीने संपल्या होत्या. १९७६ साली मिसूरी राज्यातून पक्षी आणून ते याच वर्नन काउंटीत सोडले. बदल्यात विस्कॉन्सिनने मिसूरीला ग्राउझ नावाचे रानपक्षी दिले. टर्की वाढल्या, पसरल्या, आणि १९८३ साली पहिला शिकारीचा हंगाम उघडला. वसंतात शिकार जवळपास नरांचीच होते. एक नर अनेक माद्यांशी जुगतो. अंडी घालणं, साधारण २८ दिवस उबवणं, पिल्लं वाढवणं हे सगळं मादी एकटी करते. त्यामुळे मोजके नर कमी झाले तरी पुढची पिढी अडत नाही.

आता पक्षी समजून घ्या. पूर्ण वाढलेला नर आठ ते दहा किलोंचा, मादी त्याच्या निम्मी. नराच्या छातीवर घोड्याच्या शेपटीसारखा राठ केसांचा झुपका लोंबतो, त्याला तिथे 'बिअर्ड' म्हणजे दाढीच म्हणतात. पायाच्या मागे काटा. डोक्यावर पिसं नाहीत, आणि मनःस्थितीप्रमाणे तिथली कातडी लाल, पांढरी, निळी होते. एका वर्षाच्या नराला 'जेक' म्हणतात. पिसारा फुलवला की त्याची मधली पिसं बाजूच्या पिसांपेक्षा उंच दिसतात, थोराचा पिसारा एकसारखा अर्धगोल असतो. नाकाने हा पक्षी जवळपास अधू, पण कान तिखट आणि डोळे अफाट. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे मान न वळवता त्याला तीन चतुर्थांश जग दिसतं. रंगही नीट दिसतात. बारा पावलांवरून पापणी लवली तरी कळावी असे डोळे! हरिणाची शिकार करणारे वाऱ्याची चिंता करतात. टर्कीवाल्याने वारा सोडून द्यायचा आणि स्वतःची हालचाल सांभाळायची.

साध्या धनुष्याची अडचण नेमकी इथे आहे. चाकांचं कंपाउंड धनुष्य असेल तर दोरी पूर्ण ओढल्यावर हातावरचा भार बराच कमी होतो, माणूस ती धरून थांबू शकतो. लाँगबो म्हणजे लांब सरळ धनुष्य, किंवा रिकर्व्ह म्हणजे टोकं पुढे वळलेलं, यांना ती सोय नाही. चाळीस पाउंडांचं धनुष्य ओढलं की चाळीसच्या चाळीस पाउंड बोटांवर येतात. पक्षी वळायची वाट बघत अर्धा मिनिट धरून बसलात तर हात थरथरतो आणि बाण भलतीकडे जातो. म्हणून ओढणं आणि सोडणं एकाच श्वासात, आणि तेही पक्ष्याचा डोळा आपल्यावर नसताना.

धनुष्य कोणतं? तंबूच्या लपणात बसायचं असेल तर आखूड रिकर्व्ह घ्या. माझं ५८ इंची आहे, माझ्या २६ इंच ओढीला ४० पाउंड भरतं. आजोबांचं ६८ इंची लाँगबो उघड्यावर झाडाला टेकून बसायला उत्तम, पण तंबूत त्याचं वरचं टोक छताला लागतं. माझ्या दुसऱ्या वर्षी त्यांनी हौसेने मला ते दिलं होतं. पक्षी दहा पावलांवर, मी ओढलं, वरून कापडावर 'टप्प' असा आवाज आला आणि पुढच्या क्षणी समोर नुसती धूळ. ५० पाउंडांच्या मागे लागू नका. बसून, गारठलेल्या अंगाने, हळू ओढता येईल तेवढंच वजन आपलं. उभं राहून व्यायामशाळेत ओढता येतं ते वेगळं.

बाण थोडा जड बरा. धनुष्याच्या दर पाउंडामागे दहा ग्रेन हा जुना हिशेब. माझा बाण टोकासकट ४३० ग्रेनचा, म्हणजे साधारण २८ ग्रॅमचा. जड बाण आवाज कमी करतो आणि पिसांच्या जाड थरातून आत जातो. टोकाला स्थिर पात्याचं ब्रॉडहेड, म्हणजे शिकारीसाठीचं धारदार पात्यांचं टोक. त्याची धार तपासायला भाजीच्या जुडीचं रबर ताणून धरायचं आणि पातं त्यावर नुसतं टेकवायचं. रबर टेकताक्षणी तुटलं पाहिजे. दाबावं लागलं तर परत दगडावर. ही पाती मी तिकडेच लेकीच्या घरी कुलपात ठेवते. पुण्यात सरावाला फक्त साधी बोथट टोकं.

आणि बाणाची पिसं. हा माझा आवडीचा भाग आहे, त्यामुळे थोडं थांबते. पारंपरिक बाणाला पिसं लावतात ती बहुतेक टर्कीच्याच पंखांची असतात. बाण धनुष्याच्या लाकडाला घासून निघतो. प्लास्टिकचं पान असेल तर ते तिथे ठोकर खाऊन बाण उडवतं, पीस मात्र दबतं आणि पुढे जाऊन परत फुलतं. एका बाणाला तीन पिसं. तिन्ही एकतर उजव्या पंखाची नाहीतर तिन्ही डाव्या पंखाची. दोन पिसं शेजारी शेजारी धरून बघा, उजव्याचा बाक एकीकडे आणि डाव्याचा बरोबर उलट असतो. त्या बाकामुळे बाण हवेत फिरतो आणि सरळ राहतो. मिसळ केली की दोन पिसं एका दिशेने फिरवतात, तिसरं अडवतं, आणि बाण वेड्यासारखा डुलत जातो. पावसात पिसं चिकटून बसतात, म्हणून पिसांची बाजू प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून न्यायची.

पुण्यात सराव कसा करायचा, हा भाच्याचा पुढचा प्रश्न. गच्चीवर करायचा नाही. शहरात चुकलेला बाण कुठे जाईल याची खात्री देता येत नाही. मी आठवड्याला एकदा मुळशीकडे भावाच्या शेतघरी जाते. मागे आठ फूट उंच मातीचा बांध आहे, पलीकडे कुणाची वहिवाट नाही. लक्ष्य म्हणजे तागाचं पोतं, त्यात शिंप्याकडच्या चिंध्या आणि जुन्या साड्या ठासून भरलेल्या. रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून आणलेल्या सुतळीने तोंड शिवून टाकलंय. पोत्यावर खडूने मोठ्या मोसंब्याएवढा गोल काढते, कारण टर्कीची हृदय आणि फुप्फुसांची जागा तेवढीच असते. बारा पावलांवर बुटक्या स्टुलावर बसायचं, समोर दोन बांबूंना ताडपत्री बांधून त्याला खिडकी कापायची, आणि त्या खिडकीतून सोडायचं.

खिडकीचं एक गणित लक्षात ठेवा. डोळ्याला समोरचं सगळं दिसतं म्हणजे बाणही बाहेर जाईल असं नाही. बाण डोळ्यापेक्षा चार-पाच इंच खाली असतो. खिडकीची खालची कड त्या हिशेबाने खाली हवी. पोत्यावर सराव करताना माझे दोन बाण ताडपत्रीला भोकं पाडून गेले तेव्हा ते कळलं, आणि ते मुळशीत कळलं हे बरं झालं.

धनुष्य सरळ उभं न धरता वरचं टोक उजवीकडे झुकवायचं, घड्याळात एक वाजल्यासारखं. मग खालचं टोक गुडघ्याला लागत नाही. उजव्या हाताने ओढणाऱ्याने डावा खांदा खिडकीकडे करून बसायचं. मधलं बोट ओठाच्या कोपऱ्याला टेकलं की तीच खूण, रोज तीच. नेम धरायला काही यंत्र नसतं. डोळे मोसंब्याच्या मध्यावर, त्यातही एका धाग्यावर, आणि हात आपोआप जुळतो. त्याला महिने लागतात. ढीगभर बाण मारू नका. दिवसातला पहिला बाण महत्त्वाचा, कारण रानात पहिलाच मिळतो. मी मुळशीला पोचले की गाडीतून उतरून, चहा न घेता, थेट स्टुलावर बसून एक बाण मारते आणि तो कुठे लागला ते वहीत लिहिते. ज्या वर्षी जानेवारी ते मार्च दहातले नऊ पहिले बाण गोलात बसत नाहीत, त्या वर्षी मी नुसती बघायला जाते.

उरलेल्या सहा दिवसांत आरशासमोर बसायचं. दोरी ओढा, पण मोकळी सोडू नका. बाण नसताना दोरी सोडली तर धनुष्य तडकू शकतं. ओढायचं आणि तसंच हळू परत आणायचं. आरशात बघायचं की कोपर उडतं का, डोकं पुढे जातं का. डोकं जागेवर राहायला हवं आणि दोरी डोक्याकडे यायला हवी. खांद्याच्या पाठच्या हाडांनी ओढलं की बाहेरून जवळपास काही हललेलं दिसत नाही. भाच्याला हे जमायला दिवाळीची पूर्ण सुट्टी लागली.

आणि कान. यासाठी पुण्यासारखी जागा नाही. मोर आणि टर्की एकाच कुळातले, तितर-कोंबड्यांच्या. दोघे रात्री झाडावर बसतात, पहाटे ओरडतात, उजाडता खाली उतरतात, नर पिसारा फुलवतो. उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाळ्याच्या तोंडावर पहाटे साडेपाचला वेताळ टेकडीवर जा, खाणीच्या बाजूला. हातात दुर्बीण आणि वही, बाकी काही नाही. पायवाट सोडायची नाही. डोळे मिटून बसायचं. म्याँओ ऐकू आला की बोटाने दिशा दाखवायची, मनात अंतर बोलायचं, दीडशे पावलं की चारशे. मग डोळे उघडून शोधायचं. पहिल्या आठवड्यात सगळे अंदाज चुकतात, कारण खाणीच्या कड्यावरून आवाज फिरून येतो. विस्कॉन्सिनच्या दऱ्यांतही हाच घोळ होतो. पलीकडच्या सोंडेवरचा नर शेजारच्या झाडावर असल्यासारखा वाटतो. मोर राष्ट्रीय पक्षी आहे, त्याच्या मागे जाऊन त्याला उठवायचं नाही. तो आपणहून जवळ आला तर आपण किती वेळ न हलता बसू शकतो एवढंच मोजायचं. माझे आतापर्यंतचे सर्वांत जास्त एकोणचाळीस मिनिटं झालेत.

कागदपत्रांचं थोडक्यात. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आणि दरवर्षी बदलणारे, म्हणून त्या वर्षीची अधिकृत पुस्तिका वाचायचीच, धनुष्याबद्दलच्या अटींसकट. विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्याला शिकार-सुरक्षेचा अभ्यासक्रम करावा लागतो. माझा जन्म १९७१चा, मला सक्ती नव्हती, तरी मी केला आणि करावाच असं म्हणेन. वसंताच्या परवान्याचा अर्ज आदल्या डिसेंबरात करायचा असतो. एप्रिलच्या तिसऱ्या बुधवारपासून एकेक आठवड्याचे सहा टप्पे असतात आणि सोडतीत त्यातला एक मिळतो. खाजगी जमीन असेल तर मालकाला समोर भेटून विचारायचं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा डब्यात बेसनाचे लाडू घेऊन गेले होते. तिथे आजही मला नाही म्हणत नाहीत.

हंगामाच्या आधी आठवडाभर नुसतं ऐकायचं आणि जमीन वाचायची. पाचोळा उकरलेला असेल तर तिथे त्यांनी ओकची फळं आणि किडे शोधलेत. नराची विष्ठा इंग्रजी 'जे' अक्षरासारखी वाकडी, मादीची गोळा झालेली. कोरड्या मातीत धुळीने अंघोळ केलेले खळगे दिसतात. संध्याकाळी सूर्य बुडताना पंखांची फडफड ऐकून पक्षी कोणत्या झाडावर चढले ते हेरायचं. पहाटे घुबडाचा आवाज काढला की नर न राहवून 'गबल्' करून उत्तर देतो. ते उत्तर शांत सकाळी मैलभरावरूनही येतं. झाडाच्या अगदी जवळ जाऊ नका. शंभर-दीडशे पावलं लांब, ते उतरून ज्या मोकळ्या जागेकडे चालत जातात तिथे बसायचं.

लपण म्हणजे काळ्या अस्तराचा घडीचा तंबू. पाठीमागच्या सगळ्या खिडक्या बंद, नाहीतर आपली सावली उजेडात उभी राहते. आत काळोख, म्हणून अंगात काळे कपडे, काळे हातमोजे, तोंडावर काळं फडकं. बांगड्या, घड्याळ, मंगळसूत्र घरी. खाणं स्टीलच्या डब्यात नको, त्याच्या झाकणाचा आवाज मी एकदाच ऐकला आणि पुरला. दशम्या फडक्यात बांधून न्या. एप्रिलच्या पहाटे तिथे पाणी गोठतं, ओढायचा हात मांडीखाली ठेवून उबदार ठेवा. लाल, पांढरा, निळा रंग अंगावर कुठेही नको, रुमालसुद्धा नाही. नराच्या डोक्याचे तेच रंग, आणि रानात बंदूकवालेही असतात. दुसरा शिकारी दिसला तर हात हलवायचा नाही, मोठ्याने बोलायचं. ऐकू आलेल्या टर्कीच्या मागे दबकत जायचं नाही, ती टर्की म्हणजे दुसरा माणूस असू शकतो. परतल्यावर अंगावर गोचिडी तपासायच्या, तिथल्या गोचिडीने लाइमचा आजार होतो.

आता नकली पक्षी कसे मांडायचे ते. दोन सेकंद मिळतात ते इथून. एक नकली जेक आणि एक नकली मादी. जेक लपणापासून आठ पावलांवर, आणि त्याचं तोंड आपल्याकडे. नवीन माणूस त्याचं तोंड बाहेर करतो, कारण पक्षी बाहेरून येणार. पण खरा नर पोराला दमात घ्यायला त्याच्या समोर जाऊन उभा राहतो, तोंडाला तोंड देऊन. जेक आपल्याकडे बघत असेल तर नराला आपल्याकडे पाठ करावी लागते. तो पिसारा फुलवतो, आणि तो पिसारा त्याच्याच डोळ्यांपुढे पडद्यासारखा येतो. ओढायची वेळ तीच. हंगामाच्या शेवटी मार खाल्लेले नर जेकलाही भितात, तेव्हा नुसती मादी मांडायची.

आवाजासाठी मी पाटी वापरते. वाटोळ्या पाटीवर लाकडी काडीने लहान लहान अर्धगोल ओढायचे, मादीचा 'क्यँक, क्यँक' निघतो. शाळेतल्या पाटीवर पेन्सिल करकरायची तसाच हात. पाटी आधी बारीक सँडपेपरने खरवडून घ्यायची आणि ओली होऊ द्यायची नाही. बोलावणं कमी ठेवा. निसर्गात मादी नराकडे जाते. आपण त्याला उलटं यायला सांगतोय. अंधारात दोन-तीन हळू आवाज, तो उतरल्यावर चार-पाच, आणि तो येतोय असं कळलं की पाटी खाली आणि तोंड बंद. सकाळी आला नाही तर उठू नका. नऊनंतर माद्या घरट्याकडे जातात, एकटा पडलेला नर तेव्हा गुपचूप येतो, न ओरडता.

२०१५च्या मे महिन्यात तसाच आला होता. साडेनऊ झाले होते. आधी काहीच दिसलं नाही, नुसतं छातीत जाणवलं. फुस्, आणि मग खोल घुम्म, लांबवर कुणी डफावर तळवा ठेवल्यासारखं. हा आवाज आला म्हणजे नर पन्नास पावलांच्या आत आहे. मग डाव्या खिडकीच्या कडेला निळं-पांढरं डोकं. तो एकेक पाऊल टाकत होता, पंखांची टोकं जमिनीला घासत होती, खरर्, खरर्. उन्हात त्याची पाठ तांब्याच्या घासलेल्या घागरीसारखी. मी त्याच्याकडे सरळ न बघता जेककडे बघत राहिले. तो जेकच्या समोर गेला, वळला, पिसारा उघडला. डोकं दिसेनासं झालं. मी ओढलं. बोट ओठाला लागलं. पण तो फुललेला होता, म्हणून मी सोडलं नाही. जिभेने हळू 'टक्' केलं, पिसारा मिटला, मान वर झाली, तो आडवा वळला, आणि तेव्हा बाण गेला. चार पावलांवर पडला.

फुललेल्या नरावर बाण का सोडायचा नाही? कारण तो दिसतो तेवढा नसतो. बाहेरचा गोळा पिसांचा, आतला देह त्याच्या अर्ध्यात. गोळ्याच्या मध्यावर मारलेला बाण नुसत्या पिसांतून किंवा छातीच्या मांसातून जातो आणि जखमी पक्षी उडतो. हरिणाच्या सवयीने लोक पुढे आणि खाली मारतात तेही चूक. टर्कीची मर्माची जागा मागे आणि वर असते. आडवा उभा असेल तर पायांची रेषा सरळ वर न्या, पंख जिथे अंगाला जोडलाय त्या उंचीच्या किंचित खाली. तिथे लागला तर फुप्फुसं जातात, थोडा खाली गेला तरी मांड्या जातात आणि तो पळू-उडू शकत नाही. पूर्ण पाठमोरा आणि मान वर असेल तर पाठीच्या मध्यावर, दोन पंखांच्या मधे. समोरून मी कधीच मारत नाही, समोर डोळे असतात. आणि त्याच्या मागे दुसरा पक्षी नाही ना, हे सोडण्याआधी बघायचं.

अंतर बारा पावलं, त्यापुढे नाही. हा नियम मी २०१२ साली केला. त्या सकाळी नर बावीस पावलांवर थांबला होता आणि पुढे येत नव्हता. पोत्यावर मी बावीसवर मारत होते, म्हणून सोडला. बाण मागे लागला. तो दरीत उडून गेला. आजोबा आणि मी अंधार पडेपर्यंत शोधलं, दुसऱ्या दिवशी परत गेलो. दोन पिसं आणि रक्ताचा एक थेंब मिळाला, पक्षी मिळाला नाही. आजोबा मला काही बोलले नाहीत. मला त्याचं आजही वाईट वाटतं, आणि वाटायला हवं. भाच्याला मी हे पहिल्याच दिवशी सांगितलं. त्याने विचारलं, "मग तेरावर आला तर?" तेरावर आला तर बघत बसायचं.

बाण लागल्यावर पक्षी जागीच पडला नाही तर उठून धावू नका. शेवटचा कुठे दिसला ते झाड मनात पक्कं करायचं, अर्धा तास बसायचं, मग हळू जायचं. टर्की जखमी असली की दाट झुडपात किंवा पडलेल्या खोडाखाली शिरते, तिथे आधी बघायचं. बाण शोधून घ्या, पातं गवतात राहू देऊ नका. विस्कॉन्सिनमध्ये दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत नोंद करावी लागते, फोनवरून होते.

स्वयंपाकाचं माझं सोपं आहे. छाती कोवळी, ती पातळ कापून आलं-लसूण-लिंबात तासभर आणि तव्यावर, जास्त शिजवली की कोरडी पडते. रानातल्या पक्ष्याचे पाय फार राबलेले असतात, त्यांत दोऱ्यासारख्या शिरा असतात. ते कुकरमध्ये मंद आचेवर चाळीस मिनिटं, मग मांस सोडवून भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणात आणि कांदा-लसूण मसाल्यात सुकं. लेकीकडे त्याबरोबर भाकरी होते. कलेजी-पेठा जावयाचा.

राहिले पंख. मोठी पिसं मुळाशी धरून एकेक ओढून काढायची, काळे-पांढरे पट्टे असलेली. कोमट पाण्यात साबणाने धुवायची, वर्तमानपत्रात पसरून पंख्याखाली दोन दिवस. मग मधली दांडी धारदार पात्याने उभी चिरायची आणि खालून घासून पातळ करायची, बाणावर बसेल इतकी. उजव्या पंखाची एका पाकिटात, डाव्याची दुसऱ्या पाकिटात, पाकिटावर वर्ष आणि बाजू लिहून. एका पक्ष्यापासून सहज पाच-सहा बाणांची पिसं होतात. ती पाकिटं मी पुण्याला आणत नाही, लेकीच्या कपाटात आहेत. भाच्याला सांगितलंय, २०१५ उजवी यातली घे.